आमच्या नातीचा पाळणा

अगं शांते, आधी बोलणी खा. सख्खी बहीण असून माझ्या नातीच्या बारशाला आली न्हाईस, इंदापूरच्या त्या गाणाऱ्याला मुकलीस!

त्याचं नाव विचारायचं राहिलंच बघ. काखेत पेटी, बोलताना एक डोळा मिटायची सवय. त्याची गाणी लोक फुकटात मोबाईलवर उतरवून घ्यायचे, म्हणून पेटी विकायला निघाला होता. मग एकेका घरासाठी, घरातल्यांची नावं गुंफून गाणी रचायला लागला.

मी त्याला नातीचा पाळणा रचायला सांगितला. पण आत्यानं कानात सांगण्याआधी बाळाचं नाव फोडायचं कसं?

"नका सांगू, आजी. तेवढी जागा मोकळी ठेवतो," तो म्हणाला.

आत्या बाळाच्या कानात कुर्र करून बोलली, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि यानं सूर धरला. मोकळ्या जागेवर आमी सगळ्यांनी मिळून नाव घेतलं. मांडव दणाणला!

शेजारीण मोबाईलवर भरून घ्यायला लागली, तशी मी ओरडले. तो डोळा मिटून हसला.

"न्हेऊ द्या की. चोरून न्हेलं तरी गाजंल तुमचीच नात!"

शेजारणीनं भरलेलं तेच गाणं ऐकून पणदरे गावच्या तिघींनी त्याला आपल्या घरची गाणी रचायला बोलावलंय. आता कुणी पेटी विकत मागून बघावी!

पाळण्यात तुझंबी नाव हाय. मोबाईलवर धाडणार न्हाय, ऐकायला लवकर घरी ये.