पिंपामागची बाटली

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. शेजारच्या खोलीत नंद्यासारखा मित्र राहत असला की ते दारातल्या चपलांसारखे आपोआप साचतात. गिरगावातली आमची अख्खी चाळ याला साक्षीदार आहे.

केतकी, म्हणजे नंद्याची मुलगी, इंजिनीअर झाली तेव्हा हा नाशिकहून व्हाइट वाइनची बाटली घेऊन आला. "हिचं लग्न ठरेल त्या दिवशी फोडायची," म्हणाला. दुकानदाराने बजावलं होतं, वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाका. पण नंद्या पडला लोणचंवाला माणूस. जितकी मुरेल तितकी चांगली, असं त्याचं ठाम मत.

*

बाटली म्हणे गारव्यात, अंधारात आणि आडवी ठेवायची. दीड खोलीत अशी जागा एकच, मोरीतल्या पाण्याच्या पिंपामागे. वर ओला पंचा, आणि गडगडू नये म्हणून बाजूला वरवंटा.

वहिनी म्हणाल्या, "एवढी बडदास्त माझी बाळंतपणात नव्हती."

*

मग सर्व्ह करायची प्रॅक्टिस हवी म्हणून त्याने एक साधी बाटली आणली. फ्रिज इडलीच्या पिठाने भरलेला. नंद्या बाजारातल्या मासेवाल्या मावशींकडून बर्फ घेऊन आला आणि त्याचेच दोन-दोन खडे ग्लासातही टाकले.

एक घोट घेऊन मी म्हटलं, "नंद्या, बांगडा लागतोय."

"व्हाइट वाइन माशाबरोबरच घेतात रे," तो शांतपणे म्हणाला.

*

सहा वर्षं गेली. केतकी लग्नाचं नाव काढेना. नंद्या रोज पिंपामागे डोकावून यायचा.

"बाबा, तुम्हाला काळजी माझी आहे की बाटलीची?"

"दोघींची. पण तुला एक्सपायरी नाही."

*

गेल्या रविवारी केतकी समीरला घरी घेऊन आली. तिने स्वतःच पसंत केलेला मुलगा, त्यामुळे नंद्या घुश्शात. अर्धा तास पंख्याकडे बघत बसला. केतकीचा चेहरा एवढासा झालेला, मलाच वाईट वाटलं. शेवटी वहिनींनी डोळे वटारले तेव्हा नंद्या उठून मोरीत गेला.

बूच भुसभुशीत झालं होतं, म्हणून वाइन चहाच्या गाळणीतून गाळली. रंग काढ्यासारखा. वासाने माझे डोळे चुरचुरले.

पहिला ग्लास पाहुण्याला. समीरने घोट घेतला, केतकीकडे पाहिलं आणि सावकाश सगळा ग्लास संपवला.

"छान आहे, काका. अजून थोडी मिळेल?"

दुसराही संपवला. नंद्याची कळी खुलली. त्याने स्वतःचा ग्लास भरला, मोठा घोट घेतला आणि तसाच मोरीत धावला. बराच वेळ चुळा भरल्याचा आवाज येत होता.

तोंड पुसत बाहेर आला, समीरच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि वहिनींना म्हणाला,

"अगं, पेढे काढ. जावयाचं तोंड गोड करायचंय."