रोटातली मूठ

धरणगावकडच्या ज्या खेड्यात मी मास्तर होतो, तिथे श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळीसाठी, घरातला एकेक पुरुष मोजून गहू घेत, प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. ज्याची मूठ नाही, तो घरचा नाही. माझ्या एका विद्यार्थ्याची मूठ त्याच्या भाऊबंदांनी बंद केली होती आणि ती परत सुरू व्हावी म्हणून मी तीन आठवडे त्यांचे उंबरे झिजवत होतो.

पोर महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आलं होतं. गेलं तेव्हा चौदाचं, आलं तेव्हा सतराचं. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजला की ते होतं तिथे पालथं पडायचं. बसताना पाठ भिंतीलाच हवी. गावातली टारगट मंडळी त्याला अडवून विचारायची, किती मारले? मी त्याला पहिलीच्या मुलांकडून बाराखडी गिरवून घ्यायला बसवलं, तेवढा वेळ ते बरं असायचं. घरी मात्र चुलत्यांनी त्याचं ताट अंगणात वेगळं मांडलेलं. एकदा रोट खाल्ला की ताटही आत जाईल, असा माझा हिशेब होता.

थोरले चुलते नाना म्हणाले, धाकट्या आबांना विचारा. आबा म्हणाले, नाना हो म्हणतील तर माझं काय? दोघांच्या ओट्यांमध्ये एक गटार, पण ते ओलांडून एकमेकांशी बोलतील तर शपथ. मी आपला या ओट्यावरून त्या ओट्यावर. अक्षरशः वीट आला.

अखेर रोटाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सगळे एकत्र बसले. माणसं मारलेला हात रोटाला नको, असं नानांचं म्हणणं.

"नाना, पोर होतं ते," मी म्हटलं. "पोराला कसला दोष?"

"पोऱ्या कसाना? शाळाना दाखलावर अठरा शे. अठरा वरीसना माणूस बठ्ठं समजीसन जास." सगळं समजून-उमजूनच गेला होता, असं नानांनी सुनावलं.

मला भयंकर संताप आला, पण नानांचा नव्हे. तो दाखला मीच लिहिला होता. भरतीवाले चाळीसगावला आले होते. बूट आणि दोन वेळची भाकरी मिळेल म्हणून पोर तीन दिवस माझ्या मागे लागलं होतं, आणि मला वर्गातली कटकट संपवायची होती. कारण एवढंच. आता खरं सांगितलं तर नोकरी जाणार, हेही दिसत होतं.

"चौदाचं होतं," मी म्हटलं. "अठरा मी लिहिलं. खोटं लिहिलं."

आबांनी तंबाखू मळायची थांबवली.

"मंग हाई पाप तुमनं शे, मास्तर," नाना म्हणाले.

"हो."

पोराची आई उठली. तिनं सव्वा मूठ गहू काढून सुपात टाकले. तिला कोणी अडवलं नाही.

पोर भिंतीशी बसलं होतं. ते म्हणालं, "नाना, मास्तरले काही बोलू नका. मी रडनू म्हनीसन त्यास्नी लिखं."

रडलं होतं हे खरं. पण आता तेच मला सांभाळून घेत होतं, आणि ते मला सहन होईना. मी त्याच्यावर खेकसलो, "तू गप्प बस." ते लगेच गप्प बसलं.