यजमानाच्या पानावर

दुर्गाघाटावर ढुंढिराजकाकांचं नि आमचं घर भिंतीला भिंत लागून. मी कालिंदी, शाळेत शिकवून निवृत्त झालेली आणि तोंडानं फटकळ; त्यामुळे त्यांच्याशी भांडायचा हक्क गल्लीत फक्त माझा. काका तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून कुणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला आलं, की त्या घराण्याची वही ते उघडतात आणि यजमान आपल्या हातानं लिहितो, कोण गेलं, कोण जन्मलं. पुढच्या पिढीनं येऊन वाचावं म्हणून. त्या पानाला उपाध्यायानं लेखणी लावायची नाही, असा नेम. काकांनी तो चाळीस वर्षं पाळला आणि या चैत्रात मोडला.

कारण मधुवंती, त्यांची एकुलती एक लेक. जावई रोहन बँकेत. दोघं घाटापासून लांब, शहरातच सिगऱ्याला राहतात, ती दर रविवारी येते. नातवंड झालं की त्याच्यासाठी आपल्या काळाचं सगळं लिहून ठेवीन, असं काका तिच्या लग्नापासून म्हणत होते. चैत्रातल्या एका रविवारी माझ्यासमोरच ती म्हणाली, "बाबा, आमचं ठरलंय. मूल नको."

"आत्ता नको, की कधीच?"

"कधीच नाही. ही गर्मी, ही हवा, नोकरी आज आहे तर उद्या नाही. किस भरोसे आणू कुणाला?"

काका भडकतील असं मला वाटलं. ते नुसते चष्मा पुसत राहिले. मला त्यांचा रागच आला. ओरडावं तरी माणसानं!

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर वाईच्या गोळे घराण्याची वही उघडी आणि काका लिहितायत. मी ती ओढलीच. त्यात होतं:

"पुढे येणाऱ्या बाळांनो, तुम्ही माझे कुणी नाही. पण माझं कुणी येणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. आमच्या काळी गल्लीत राहती घरं कमी झाली आणि गेस्ट हाउस वाढली. लोक बोटीत बसून चितांचे फोटो काढत. यजमान मोबाइलवर बघत पिंडदान उरकत. जूनमध्ये घाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी उभं राहवत नसे. आमची मुलं मराठी ऐकत आणि हिंदीत उत्तर देत. माझी लेक मूल जन्माला घालायला घाबरली. तिचं चूक आहे असं म्हणता येत नाही, बरोबर आहे असंही म्हणवत नाही. मला फार भीती वाटते. तुमच्याकडे कसं आहे?"

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी म्हटलं. "दुसऱ्याच्या पानावर?"

"गोळे येतातच गं, कालिंदी. चार पिढ्या येतायत. त्यांची पोरं तरी वाचतील."

वही मिटून मी घरी आले आणि रडले.

पितृपक्षात विश्वेश्वर गोळे आईच्या अस्थी घेऊन आले. विधी आटोपून काकांकडे बसले. रविवार होता, मीही तिथेच होते; मधुवंती आत चहा करत होती. पान वाचता वाचता गोळ्यांचा चेहरा कडक झाला.

"गुरुजी, हे काय? आमच्या पूर्वजांच्या खाली तुमचं रडगाणं? हे माझ्या नातींनी वाचायचं?"

"त्यांच्यासाठीच लिहिलं होतं," काका म्हणाले.

"खोडा."

मी तोंड उघडणार, तर काकांनी हातानंच मला थांबवलं. पेन घेऊन ते एकेक ओळ खोडू लागले, एक अक्षरही वाचता येऊ नये अशी. पेन भीतीच्या ओळीवर आलं. मधुवंती मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. खोडायच्या आधी तिनं ती वाचली, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग गोळ्यांनी खाली आईची तिथी आणि दोन नातींची नावं लिहिली आणि ते पाया पडले. काकांनी त्यांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. "वंश वाढो," ते स्पष्ट म्हणाले. हे म्हणावंच लागतं.

गोळे गेले. मधुवंतीनं ट्रे खाली ठेवला आणि तीही वाकली. काकांच्या मुठीत अक्षता उरल्या होत्या. त्यांनी हात तिच्या डोक्यावर धरला, ओठ हलले, पण शब्द फुटेना.

"बाबा," ती वाकूनच म्हणाली, "कुछ तो बोलिए."