सुभेदारांची हातबोशी

सुभेदार रहमीम पेणकरांचा जन्म एडनचा. साहेबाच्या राज्यातल्या त्या रखरखीत बंदरात वडील लष्करी इस्पितळात कंपाउंडर होते. पोरगा मिसरूड फुटताच हिंदुस्थानच्या फौजेत गेला, पासष्टच्या लढाईत खेमकरणला लढला, सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि बायको जॉयस व चिमुरड्या नाओमीला घेऊन टोरांटोला आला. नॉर्थ यॉर्कमधल्या एका ऑफिस टॉवरच्या दाराशी त्यांनी वर्षानुवर्षं सिक्युरिटीचा गणवेश घातला. गोष्ट एवढ्यावर संपली असती तर फार बरं झालं असतं.

पण शहरात कोकणातून, मुंबईतून आलेली मराठी ज्यू घरं होती, जिकडे तिकडे पांगलेली आणि एकमेकांवर रुसलेली. सुभेदारांनी त्यांना एका दोरीत बांधलं. भावाभावांची भांडणं मिटवली, मोठ्या सिनेगॉगकडून सणासुदीला बेसमेंटचा हॉल मिळवला, दफनभूमीत आपल्या माणसांसाठी कोपरा मागून घेतला. समाजाने त्यांना मुकादम, म्हणजे आपला प्रमुख, केलं. लोक थट्टेने 'आमचे पंतप्रधान' म्हणायचे आणि सुभेदार खोटं खोटं रागवायचे. खरं तर त्यांना ते फार आवडायचं. माणसाला इतकं आवडू नये.

२००३ चा वसंत आला तो सार्सची साथ घेऊन. सबवेत कुणी खाकरलं की शेजारची सीट रिकामी व्हायची. मास्क घातलेली माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघेनाशी झाली. अशात ज्यूंचा वल्हांडणाचा सण तोंडावर आला, आणि आदल्या संध्याकाळी नाओमीचा फोन. ती आता हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि तिला तिथून हलायची परवानगी नव्हती.

"डॅडी, लिसन. लास्ट वीक मम्मीला चक्कर आली म्हणून ती आमच्या इमर्जन्सीत बसली होती ना? सेम डे तिथे सार्सचा पेशंट होता. आज कळलं. शी हॅज टू स्टे होम. दहा दिवस. तुम्ही पण."

"अगं, ती ठणठणीत आहे. आत्ता किचनमध्ये गाणं म्हणतेय."

"दॅट मीन्स नथिंग! मम्मीला तुम्हीच समजावून सांगा, मी सांगितलं तर घाबरेल. आणि डॅडी, हॉलमध्ये हातबोशी अजिबात नको. प्रॉमिस मी."

"बघतो," सुभेदार म्हणाले.

हातबोशी म्हणजे या लोकांचा जीव. प्रार्थना संपली की मुकादम हात पुढे करतो. समोरचा ते आपल्या दोन्ही तळव्यांत घेतो, मग दोघेही आपापली बोटं ओठांना लावतात. तिथून ती पुढच्याकडे, त्याच्या पुढच्याकडे, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यापर्यंत जाते. कुणाला वगळलं तर वर्षभर अबोला.

सुभेदारांनी जॉयसला काही सांगितलं नाही. सणानंतर नव्या मुकादमाची निवड होती आणि केव्हिन नावाचा तरणाबांड अकाउंटंट 'सुभेदार आता थकले' असं घरोघर सांगत फिरत होता. त्यात आजार मुकादमाच्याच घरी आल्याचा बभ्रा झाला तर सिनेगॉगवाले हॉल काढून घेतील, असं त्यांनी मनाला बजावलं. हॉलचं निव्वळ निमित्त होतं. त्यांना खुर्ची सोडवत नव्हती. हातबोशी तेवढी बंद करू, म्हणजे झालं, असा मधला मार्ग काढून ते झोपले.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. प्रार्थना संपली. सुभेदार उभे राहिले, घसा साफ केला आणि त्या आवाजानेच पुढची रांग चपापली.

"या वर्षी हातबोशी..."

"काय सुभेदार अंकल," केव्हिन मोठ्याने म्हणाला, "घाबरलात? आणि म्हणे इंडियन आर्मी!"

हॉल खदखदून हसला. सुभेदारांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाकिस्तानी रणगाड्यांपुढे जो माणूस जागचा हलला नव्हता तो एका टिंगलीपुढे हलला.

"...या वर्षी हातबोशी नीट करायची," ते म्हणाले. "एकालाही वगळायचं नाही."

आणि त्यांनी हात पुढे केले, पहिल्यांदा केव्हिनपुढेच. रांगांमधून हात हातात जात राहिले, बोटं ओठांना लागत राहिली. कुणीतरी तान्ह्याची इवलीशी मूठ उघडून त्याच्याच तोंडाला लावली. बायकांच्या बाजूला जॉयस सगळ्यांना भेटत होती, पोरांचे गाल कुरवाळत होती. सुभेदारांना वाटलं, आता थांबवावं. पण थांबवायचं तर कारण सांगावं लागणार होतं.

शेवटी जॉयस त्यांच्यासमोर आली. तिने त्यांचे हात आपल्या हातांत घेतले. तिचे तळवे चुलीतून काढल्यासारखे कढत होते.

"जॉयस, तुला ताप आहे?"

"हळू बोला," ती कुजबुजली. "सकाळपासून अंग मोडून आलंय. म्हटलं, आज तुमचा दिवस. कशाला बोलायचं?"

 आता मात्र सुभेदार बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं: नाओमीचा फोन, इमर्जन्सी, दहा दिवस, आपलं गप्प बसणं. काहीही मागे ठेवलं नाही.

 लोक आपापल्या हातांकडे बघत राहिले. एका आईने लेकराच्या तोंडातली बोटं हिसकून काढली आणि ते रडायला लागलं. केव्हिन भिंतीला टेकून मटकन खाली बसला. मग एकेक नजर जॉयसकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने आपले दोन्ही हात पदराखाली लपवले.