रूथचं भेव

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत पाठीला भरलेली सॅक लावून भाजी आणायला जाणारी एकच बाई होती, माझी मैत्रीण रूथ. सॅकमध्ये कळमन्याच्या बाजारातून आणलेली तूरडाळ असायची. "गावाला चालल्या काय, बाई?" असं भाजीवाल्याने विचारलं की ती म्हणायची, "नाही गा, वजनाची सवय करून राहिली." दगड भरण्यापेक्षा डाळ बरी, निदान नंतर शिजवता येते, असं तिचं म्हणणं.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ती ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. निवृत्त झाली त्याच आठवड्यात, रविवारची उपासना संपल्यावर तिने मला चर्चच्या फाटकाशी गाठलं. "शालू, पचमढीले पायी जाऊ. तू अन् मी." मी हसले. ती हसली नाही. "सारी नोकरी एका टेबलापाशी उभी राहिली मी. आता देवानं बनवलेलं जंगल त्यानंच दिलेल्या पायांनी पाहाचं हाय."

मला पहिल्या दिवसापासून भीती वाटत होती. सातपुड्याचे घाट, अनोळखी गावं, साठीला आलेल्या दोन बायका. पण तिला नाही म्हणणंही जमेना. आमचा सराव सुरू झाला. चालताना रूथ मोठ्याने प्रार्थना करायची, तीही शेजारणीशी बोलावं तशी. "प्रभू, शालूच्या टाचेले फोड आला, जरा लक्ष दे." रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. मी ओशाळले की म्हणायची, "भेव लागलं का बोलत राहाचं वं त्याच्याशी. बोलणं थांबलं का भेव मोठं होते."

हिवाळ्यात आम्ही उमरेडच्या बाजूला, जंगलाला लागून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर सरावाला गेलो. अर्ध्या वाटेवर मागून दुधाच्या कॅन लावलेली मोटरसायकल आली. दूधवाल्याने गाडी न थांबवताच सांगितलं, "मागं फिरू नका, बाई. मागच्या नाल्यात वाघानं गाय मारली सकाळी. सरळ डांबरी रस्त्याले लागा." आणि तो निघून गेला.

आम्ही भराभर चालू लागलो. रूथ प्रभूशी बोलत होती, आवाज मात्र चिरकत होता. अचानक झाडांवरची वानरं खाकरल्यासारखी ओरडू लागली. पुढच्या वळणावर सागाची वाळलेली पानं करकरली आणि वाघ रस्त्यावर आला.

तो थांबला. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. रूथचं बोलणं तुटलं. तिचा घामाने ओला हात माझ्या मनगटाभोवती आवळला गेला होता. मला तो तिच्या खांद्यावरून दिसत होता. वाघ बराच वेळ बघत राहिला, निदान मला तरी तसं वाटलं. मग तो सावकाश दुसऱ्या बाजूच्या झाडीत शिरला.

डांबरी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत आम्ही जवळजवळ पळतच गेलो. तिथे रूथ बाकावर बसली आणि रडू लागली. "गेला तो, रूथ. वाचलो आपण," मी म्हटलं.

"वाघाचं नाही वं. प्रभूचं नावही नाही आलं तोंडात. इतकी बोलते मी त्याच्याशी, अन् वाघ दिसला तर आत काहीच नव्हतं. रिकामं." तिने पदराने डोळे पुसले. "आता त्या रिकामपणाचंच भेव लागून राहिलं."

त्यानंतर ती सरावाला आली नाही. रविवारी चर्चमध्येही दिसली नाही. जायचं रद्द होईल म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, पण गप्प झालेली रूथ मला वाघापेक्षा भीतिदायक वाटली. मी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात डाळ निवडत बसली होती.

मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. वाघ आला तेव्हा तू मला मागे ओढलंस आणि स्वतः पुढे उभी राहिलीस."

"मी?"

"तू. तो दिसेनासा होईपर्यंत तुझी पाठ माझ्यासमोर होती."

तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग ताट बाजूला सारून म्हणाली, "उद्या सकाळी सरावाले जाऊ. लवकर ये."

आम्ही पचमढीला गेलो, पायी. वाटेत असा एकही दिवस गेला नाही की मी भ्याले नाही. रूथही भ्यायची, आणि आता तसं सांगायचीही.

गेल्या वर्षी ती आजारी पडली आणि उठली नाही. जिथे तिने नोकरी केली होती, त्याच दवाखान्यात मी तिच्या खाटेजवळ बसले होते. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं.

"शालू, भेव लागून राहिलं."

"मलाही."

"मले शब्द नाही सुचून राहिले. तू बोल त्याच्याशी."

मोठ्याने प्रार्थना करायला मी जन्मभर लाजत आले होते. शेजारच्या खाटांवरचे लोक बघत होते. मी खुर्ची जवळ ओढली, तिचा हात धरला आणि बोलायला लागले. "प्रभू, रूथ घाबरली आहे, जरा लक्ष दे." तिची बोटं सैल पडली, तरी मी बोलतच राहिले.