सरकत्या जिन्यापाशी

बँकेतून निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, तेव्हा मी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. सरकत्या जिन्याला घाबरणाऱ्यांचा हात धरायचा, एवढंच काम.

एकदा खाप्याहून आलेल्या एक आजी पायरीपाशी अडल्या. “मले भेव लागते वं.”

मी त्यांचा हात घट्ट धरला. वर पोचताच त्या हसत सुटल्या. “अजून एकदा जाऊ ना!”

खाली उतरून आम्ही दोघी पुन्हा वर गेलो. मग त्यांनी विचारलं, “तू रोज इथं काहून येतं वं?”

समाजसेवा म्हणावंसं वाटेना. “घरी करमत नाही,” मी म्हणाले.

“आन् इथं?”

सकाळपासून मी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. “इथं करमते, आजी,” मी म्हणाले, आणि माझं मलाच नवल वाटलं.