मास्तरांचा ढेरपोट्या कुत्रा

कराडात राहून मेक्सिकोची काळजी वाहणारा माणूस उभ्या दुनियेत एकच होता, आणि तो आमच्या समोर राहायचा. चित्रकलेचे निवृत्त मास्तर. नव्वदच्या दशकात सगळ्या आळीनं घरोघरी केबल घेतली, तर मास्तरांनी वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि परत द्यायचं नावच घेईनात. मेक्सिकोतल्या प्राचीन मातीच्या मूर्तींचं ते पुस्तक. मग काय, कृष्णाकाठची माती आणायची, चित्रात बघून बुटक्या बाया, चेंडू खेळणारे गडी, पोर कडेवर घेतलेल्या आया घडवायच्या आणि कुंभाराकडून भाजून आणायच्या. घरात पाय ठेवायला जागा नाही. चहाला गेलं की कप हाती यायच्या आधी व्याख्यान सुरू. ती माणसं म्हणे या मूर्ती घरात चुलीपाशी ठेवत, बाळंतपणाला, पिकापाण्याला त्यांना साकडं घालत असावीत, आणि मोडल्या की खुशाल उकिरड्यावर टाकत. कुणी ‘बाहुली’ म्हटलं की मास्तरांचं डोकं फिरायचं, ‘देव’ म्हटलं तरी फिरायचं. आम्ही आपला चहा प्यायचो.

मास्तरांची बायको, आमच्या काकू, सांगलीकडच्या, भारी भित्र्या. माहेरी जायचं तरी मास्तर सोबत हवेत; एकट्या एसटीत कधी म्हणून बसल्या नाहीत. एका बेंदराला मास्तरांनी त्यांना पूजेचे मातीचे बैल करून दिले आणि उरल्या मातीचा पुस्तकातला ढेरपोट्या कुत्रा केला. तिकडं थडग्यात असे कुत्रे ठेवायचे, मेलेल्याला पलीकडची वाट दाखवायला, हेही आम्हाला ऐकवून झालं. काकूंनी बैलांच्या रांगेत त्यालाही हळदकुंकू वाहिलं, पुरणपोळीचा घास ठेवला. मास्तर खवळले. काकू शांतपणे म्हणाल्या, “आवं, घरात आलाय न्हवं? मग त्याला उपाशी ठिवू?”

बैलांचं विसर्जन झालं, कुत्रा मात्र चुलीजवळच राहिला. तो भाजायचा राहूनच गेला, आणि त्याचं कुंकू पुसायला मास्तर काही धजले नाहीत.

पुढच्या वर्षी काकू गेल्या. अगदी अचानक. अस्थी घेऊन आम्ही चौघं संगमावर गेलो. एरवी असल्या विधींना नाक मुरडणाऱ्या मास्तरांनी अस्थी सोडल्या, मग पिशवीतून तो कुत्रा काढला आणि त्यांच्यामागोमाग हलकेच पाण्यात ठेवला. कच्ची माती ती, विरायला कितीसा वेळ! मास्तर पाण्याकडं बघतच म्हणाले, “ती कवा एकटी कुठं गेली न्हाई रं.”

मग पायरीवर बसले आणि आम्हाला म्हणाले, तुमी व्हा पुढं.